भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा : घरशाळेची घडी पुन्हा बसवताना

भाऊबीज आटोपते, पाहुणे आपापल्या गावी जातात, चिवड्याचा डबा तळाला लागतो. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरात या सुमाराला एक तारीख दाराशी येऊन उभी असते : दुसरं सत्र अमुक दिवशी सुरू. मनात असो-नसो, त्या सकाळी व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतात आणि घर धावायला लागतं. जे आईवडील मुलांना घरीच शिकवतात, त्यांच्यासाठी हॉर्न वाजवणारं कोणी नसतं. सुट्टी संपली हे त्यांनीच ठरवायचं, आणि वर ते मुलांना पटवायचंही.

मग बहुतेक घरांत दोनपैकी एक होतं. सोमवारपासून सुरू करू असं ठरतं, तो सोमवार पुढच्या सोमवारवर जातो आणि बघता बघता मार्गशीर्ष उजाडतो. किंवा एका रात्री आईबाबांना एकदम धास्ती वाटते. चार्टपेपर आणला जातो, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सातपर्यंतच्या चौकटी स्केचपेनांनी भरल्या जातात आणि चौथ्या दिवशी तो कागद मुकाट्याने भिंतीवरून उतरतो. मला यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. ढिलाई निदान ढिलाई म्हणून दिसते तरी. धास्तीतून आखलेलं वेळापत्रक शिस्तीचा आव आणतं आणि त्याच्या नादात चार दिवस मुलांशी भांडणात जातात.

ही धास्ती येते कुठून, ते आधी बघायला हवं. दिवाळीत सगळं घराणं एकत्र जमतं आणि घरी शिकणारं मूल हा फराळाच्या ताटाभोवतीचा हक्काचा विषय असतो. एखादे काका विचारतात, “काय रे, सतराचा पाढा येतो का? म्हण बघू!” मूल म्हणायला लागतं, सतरा सातेला अडखळतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरून त्याच्या आईकडे वळतात. “आमच्या हिला युनिट टेस्टमध्ये वीसपैकी वीस.” “ते सगळं ठीक आहे गं, पण दहावीचं काय करणार?” माणसं वाईट नसतात. त्यांना काळजी असते, थोडी उत्सुकता असते आणि विषय बदलायला दुसरं काही सुचत नसतं. पण परतीच्या प्रवासात ही वाक्यं डोक्यात घोळत राहतात आणि घरी पोचल्यावर जे वेळापत्रक तयार होतं ते मुलासाठी नसतं, काकांसाठी असतं.

म्हणून घडी बसवायच्या आधी एक काम करा. दिवाळीत ऐकलेली, मनाला लागलेली वाक्यं एका कागदावर उतरवून काढा. त्यातली मुलाच्या शिकण्याबद्दलची कोणती आणि लोकांच्या काळजीबद्दलची कोणती, ते वेगळं करा. पाढा अडला हे पहिल्या प्रकारातलं. त्याचं काय करायचं ते पुढे येईलच. ‘लोक काय म्हणतील’ हे दुसऱ्या प्रकारातलं, त्याच्यासाठी गणिताचा एकही तास वाढवू नका.

दहावीच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर तयार ठेवावं, कारण तो दर सणाला येणार आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९चा. ६ ते १४ वयोगटातल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे, म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेचं दार कायमचं बंद होत नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा आहे. त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. शाळा मध्येच सोडलेल्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. केंब्रिजची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देणारी मुलंही पुण्या-मुंबईत आहेत. एवढं शांतपणे सांगितलं की प्रश्न विचारणाऱ्या दहांपैकी नऊजण पुढची चकली उचलतात.

आता दिवस कुठून मोजायचे? माझं म्हणणं असं की सोमवार धरू नका, तिथी धरा. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. तुळशीची लग्नं लागतात ती द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. मधले दहा-बारा दिवस आपल्या पंचांगानेच मोकळे ठेवलेत म्हणा ना. दिवाळी संपलेली असते, पण दारातला कंदील उतरलेला नसतो. घरातल्या मोठ्यांचाही जीव अजून पुरता कामाला लागलेला नसतो. या दिवसांचे दोन भाग करा. अष्टमीपर्यंत फक्त घराची घडी, अष्टमीनंतर वह्या-पुस्तकं. क्रम उलटा केला की दोन्ही बिघडतात. रात्री साडेबाराला झोपलेल्या मुलाला सकाळी अपूर्णांक शिकवणं म्हणजे दोघांनी मिळून रडायची तयारी.

घराच्या घडीत पहिली झोप. नरकचतुर्दशीचा एक दिवस सोडला तर दिवाळीत मुलं लवकर उठतात हा आपला गैरसमज आहे. मामाच्या घरी गच्चीवर गाद्या पडतात, भुतांच्या गोष्टी होतात, त्यानंतर कोणाच्या तरी मोबाईलवर सिनेमा. परत येईपर्यंत नऊला उठायची सवय जडलेली असते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. आपल्याकडे सुट्टीत तासांची भरपाई उशिरा उठून होत असते, त्यामुळे झोप कमी पडत नाही, फक्त सरकलेली असते. सरकलेली वस्तू ढकलून एका रात्रीत जागेवर येत नाही. “आज नऊला झोपायचं” असा हुकूम सोडला तर मूल अकरापर्यंत अंधारात छताकडे बघत पडतं आणि पाणी प्यायला चार वेळा उठतं.

उठण्याची वेळ हातात घ्या. नऊला उठणाऱ्याला रोज वीस मिनिटं अलीकडे आणलं की सहा दिवसांत सातवर येतो. झोपण्याची वेळ मागोमाग आपोआप येते, कारण डोळे मिटायला लागतात. उठल्यावर लगेच उजेडात काढा. पडदे उघडा, दूध आणायला खाली पाठवा, आजोबांबरोबर देवपूजेची फुलं तोडायला लावा. या दिवसांत दुपारची झोप नको, अगदी लहानग्याला लागली तर अर्धा तास. मोबाईलबद्दल पहिल्या दिवशी मोठं भाषण आणि संपूर्ण बंदी असा थाट करू नये. आठवडाभर एकच नियम पाळा : दुपारच्या जेवणाआधी मोबाईल, टॅब, टीव्ही यांपैकी काही नाही. सकाळ मोकळी राहिली की पुष्कळ गोष्टी सुधारतात. संध्याकाळचा प्रश्न नंतर बघता येतो.

जेवणाच्या वेळाही तशाच. दिवाळीत मुलं दिवसभर डब्यात हात घालत असतात आणि पानावर बसल्यावर त्यांना भूक नसते. उरलेला फराळ संपवायची एक वेळ ठरवा, साडेचार-पाचची. बाकी वेळी डबे वरच्या फळीवर. हे अभ्यासाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण घरशाळेत मुलाला वेळ कळते ती स्वयंपाकघरावरून. कुकरची शिट्टी हीच आपली घंटा.

आणि म्हणूनच अभ्यासाची वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा घरात रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. आमच्या ओळखीच्या एका घरात पोळ्यावाल्या मावशी आल्या की वह्या उघडतात. मावशी कधी पावणेदहाला येतात, कधी सव्वादहाला. पण त्या आल्या की आईचे हात मोकळे होतात, ती ओट्यापासून उठून टेबलाशी येते आणि पोळ्या होईपर्यंत टेबलावरून कोणी उठायचं नाही असा रिवाज आहे. “दहा वाजले, चला अभ्यासाला” याच्यावर मुलं वाद घालतात. मावशींच्या येण्यावर वाद घालता येत नाही. तुमच्या घरी बाबा ऑफिसला निघणं असेल, आजीची पूजा संपणं असेल, नळाचं पाणी जाणं असेल. सुरुवातीला असा एकच तास धरा. दोन मुलं असतील तर दोघांचा मिळून एक. बाकी दिवस मोकळा.

त्या तासात पहिले तीन-चार दिवस मोठ्याने वाचन, दुसरं काही नाही. तुम्ही वाचायचं, त्यांनी ऐकायचं. मुलं तेवढ्यात काही चितारत, मणी ओवत बसली तरी चालेल. दिवाळी अंकांचा आपल्याकडे एवढा सुकाळ असताना वाचायला काय हा प्रश्नच नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. आपण लहानपणी वाचलेला एखादा अंक शोधून काढून त्यातली गोष्ट वाचली की मुलांना त्यातल्या जुन्या जाहिरातीसुद्धा पुरतात. मोठ्याने वाचण्याचा फायदा असा की यात चुकायला वाव नाही. सुट्टीनंतर मुलाने टेबलाशी घालवलेले पहिले तास चुकांशिवाय गेले, तर पुढच्या आठवड्यात ते टेबलाशी येताना पाय ओढत नाही.

आता तो अडलेला सतराचा पाढा.

सुट्टीत मुलं विसरतात, यात शंका नाही, पण सगळं सारखं विसरत नाहीत. अमेरिकेत उन्हाळ्याच्या लांब सुट्टीवर झालेल्या अनेक अभ्यासांचा हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एकत्र आढावा घेतला. त्यात सर्वांत जास्त घसरण दिसली ती आकडेमोडीत आणि शब्दांच्या स्पेलिंगमध्ये. वाचनात तितकी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पाढे, हातचा, भागाकार आणि ऱ्हस्व-दीर्घ. कारण उघड आहे. वाचन सुट्टीतही कुठे ना कुठे होतंच, दुकानांच्या पाट्या असतात, सिनेमाची नावं असतात. भागाकार मात्र कोणी सुट्टीत करत नाही. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरलं गेलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. पाटी पुसली तरी अक्षरांची खूण राहते म्हणा. त्यामुळे सुट्टीनंतर अडणाऱ्या मुलाला धडा पहिल्यापासून ‘शिकवायला’ बसू नका. त्याला फक्त पुन्हा वळण लागायला हवं.

गणिताला सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. गजर लावा आणि गजर झाला की मूल रंगात आलेलं असलं तरी वही मिटा. उद्या यायला कारण राहतं. दहा गणितं द्या, त्यातली आठ त्याला हमखास येणारी, म्हणजे गेल्या वर्षीची. उरलेली दोन सुट्टीआधी जिथे थांबलो होतो तिथली. लाल पेन बाजूला ठेवा. चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशीच्या दहामध्ये आकडे बदलून पुन्हा घाला. पाढ्यांसाठी वही नकोच. सतराचा अडत असेल तर दहाचा आणि सातचा मिळून तो करून बघायला लावा : सत्तर आणि एकोणपन्नास, एकशे एकोणीस. पुढच्या सणाला काकांनी विचारलंच, तर मूल अडखळल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक असेल. काकांना याहून जास्त काही दाखवायची गरजही नाही.

फराळातही गणित भरपूर आहे. चकलीच्या भाजणीला आमच्याकडे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ आणि एक वाटी मूग डाळ. एकूण आठ. तांदूळ अर्धे, हरभरा डाळ पाव, उरलेल्या दोन्ही डाळी प्रत्येकी एक अष्टमांश. पाचवीच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज एवढ्यावर नीट दाखवता येते, आणि पुढे विचारता येतं की घरात तांदूळ तीनच वाट्या असतील तर उडीद किती घ्यायचा? पाऊण वाटी. ते मोजून दाखवायला त्याला सपाट वाटीशी झटापट करावी लागेल, तेही करू द्या. शंकरपाळ्यांमध्ये समभुज चौकोन आहे. ओवाळणीच्या पाकिटांमध्ये जमाखर्च आहे. फक्त प्रत्येक लाडवाला धडा चिकटवायच्या फंदात पडू नका. मुलांना हे लगेच ओळखू येतं आणि मग ती लाडूसुद्धा संशयाने खातात. दिवसाला एक गोष्ट पुरे.

दिवाळीनंतर घरात सर्वांत मोठा धडा पडून असतो तो किल्ला. बहुतेक ठिकाणी तो पाऊस किंवा मांजर येऊन मोडेपर्यंत तसाच राहतो, नाहीतर एका रविवारी बाबा फावड्याने भरून टाकतात. तो मुलांकडून, हळूहळू, दोन-तीन सकाळी घालवून मोडवून घ्यावा. आमच्या गॅलरीत यंदा राजगड होता. विटांवर गोणपाट, त्यावर लाल माती, उतारावर पेरलेले अळीव पाडव्यापर्यंत हिरवेगार आणि आठवड्याने पिवळे पडून एका अंगाला कललेले. मोडायच्या आधी स्टुलावर उभं राहून वरून फोटो काढला. मग पट्टीने लांबी-रुंदी मोजून आलेखाच्या कागदावर नकाशा. धाकटीने मावळे जिथे उभे होते तिथे ठिपके दिले, थोरल्याने पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला दाखवला. मग वाद झाला की संजीवनी कोणत्या दिशेला, म्हणून खरा नकाशा काढावा लागला. आपली सुवेळा आणि संजीवनी उलट्या बांधल्या गेल्याचं दोघांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तो पाठ्यपुस्तकातला धडा वाचून झाला नसता. अळीव उपटताना मुळं केवढी आणि पानं केवढी हे मोजून झालं. माती परत कुंड्यांत गेली.

इतिहास पुढे न्यायचा असेल तर धागा तयारच आहे. राजगडावरून राजधानी रायगडावर गेली आणि १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तो एक तिकडे कसा, या प्रश्नावर आठवीतलं मूल सहज आठवडाभर रमतं.

संध्याकाळचा अभ्यास आकाशातच ठेवा. भाऊबीजेची कोर सगळ्यांनी बघितलेलीच असते. तिथून पौर्णिमेपर्यंत रोज सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, एकाच जागी उभं राहून चंद्र कुठे आहे ते कागदावर काढायचं. पहिले दिवस तो पश्चिमेला खाली, अष्टमीच्या आसपास दक्षिणेकडे उंच आणि अर्धा, आणि पौर्णिमेला त्याच वेळी पूर्वेच्या इमारतींआडून वर येताना. हात समोर ताठ धरला की आपली मूठ साधारण दहा अंशांची असते. चंद्र रोज एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकतो, हे सात वर्षांचं मूलही मोजू शकतं. थोरल्याला सांगा की तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, ३६० भागिले ३० किती ते बघ. चौदा कागद ओळीने भिंतीवर लागले की दिवसांचा हिशेब मुलांच्या हाती येतो. सुट्टी संपत आली हे आपल्याला सांगावं लागत नाही, चंद्रच भरत येतो.

दिवाळी ऑक्टोबरअखेर येते तेव्हा या दिवसांत पक्षी सप्ताहही सापडतो. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. हिवाळी पाहुणे आलेले असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेपूट हलवत फिरणारा धोबी पक्षी ओळखायला दुर्बीण लागत नाही.

याच सुमाराला शाळा सुरू झालेल्या असतात, आणि हा घरशाळेचा खरा फायदा. सुट्टीत जिथे पाय ठेवायला जागा नव्हती ती ठिकाणं मंगळवारी सकाळी ओस असतात. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथले दिव्यांचे नमुने दिवाळीनंतर बघण्यात वेगळी मजा आहे, अडकित्त्यांपाशी मुलं कितीही वेळ उभी राहतात. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. लहान गावात ग्रंथालय, नदीघाट, कुंभारवाडा. पणत्या विकून झालेला कुंभार या दिवसांत बोलायला मोकळा असतो. मात्र ही भेट अष्टमीनंतर ठेवा आणि एकच ठेवा, नाहीतर सुट्टीच लांबते.

लेखन सगळ्यांत शेवटी. ‘माझी दिवाळीची सुट्टी’ हा निबंध कृपा करून लिहायला लावू नका. तो लिहिताना शाळेतल्या पिढ्यांनी केलेली तक्रार घरशाळेत पुन्हा उगवायला नको. त्याऐवजी पोस्टकार्डं आणा. मामाला, आजीला, किल्ल्याला माती आणून देणाऱ्या शेजारच्या दादाला एकेक पत्र. पाच ओळी पुरतात आणि त्या कोणीतरी खरंच वाचणार असतं. म्हणून ‘दिली’मधल्या ‘ली’ची वेलांटी दुसरी हे सांगितलेलं मूल ऐकून घेतं. पत्ता लिहिताना पिनकोड येतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने ही पद्धत आखली, १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा ४. घरात पडलेल्या कुरिअरच्या पाकिटांवरून आकड्यांचे नकाशे करत एक दुपार छान जाते.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना एखाद्या दिवशी जेवताना येतं, “आई, मलाही शाळेत जायचंय.” दिवाळीनंतर हे येतंच. आठ दिवस आते-मामेभावंडांबरोबर काढलेले असतात, त्यांच्या बाईंच्या नकला ऐकलेल्या असतात, गॅदरिंगमधल्या नाचाचे व्हिडिओ बघितलेले असतात. ऐकल्या ऐकल्या आईबाबांच्या पोटात गोळा येतो आणि मग एकतर समजूत घालणं सुरू होतं किंवा घरी शिकण्याच्या फायद्यांची यादी. दोन्ही नको. विचारा, “शाळेतलं काय काय आवडलं?” उत्तरं फार नेमकी येतात. एकीला डबा हवा होता, पोळीभाजीचाच, पण झाकण लावून, मधल्या सुट्टीत उघडायचा. तिला आठवड्यातून दोनदा डबा भरून खाली बागेत पाठवायला लागले, प्रश्न मिटला. दुसऱ्याला क्रिकेटची टीम हवी होती. ती घरात मिळत नाही, मैदान शोधावं लागतं, आणि शोधावंच. तिसऱ्याला खरोखर शाळाच हवी असते. तेव्हा त्याच्याबरोबर दोन-तीन शाळा बघून या, पुढच्या जूनचा विचार करा. घरी शिकवणं हे मुलासाठी आहे, आपली पैज जिंकण्यासाठी नाही. मात्र हा निर्णय कार्तिकात, सुट्टीची धूळ अंगावर असताना घेऊ नका. महिनाभराने तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर ते खरं.

नववी-दहावीच्या वयाच्या मुलांचं गणित वेगळं. त्यांना वरचे लाड लागू नाहीत आणि त्यांनाही ते नको असतात. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलला बसणाऱ्याने दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या संकेतस्थळावरच्या तारखा स्वतः बघून कॅलेंडरवर उतरवाव्यात, आईने नव्हे. लेखी गृहकार्य, ज्याला तिथे टीएमए म्हणतात, त्याला २० टक्के गुण असतात आणि ते शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पुरं होत नाही. किती आठवडे हाताशी आहेत ते मागून मोजत यावं. या वयात झोप मुळातच रात्री पुढे सरकते, तेव्हा सकाळी सहाला उठवण्याचा हट्ट सोडा. आठला उठून दहाला टेबलाशी बसलेला मुलगा सहाला उठून पेंगणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो.

आणि तुमचं काय? फराळ करणं, पाहुण्यांची सरबराई, प्रवास, भांडी यात तुम्हाला सुट्टी मिळालेलीच नसते. ज्या घरात आई एकटीच शिकवते तिथे घडी बसायला जास्त दिवस लागतात, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय, आणि कारण मुलं नसतात. या दहा दिवसांत रोजचं मोठ्याने वाचन बाबांकडे किंवा आजोबांकडे द्या. चंद्राचे कागदही त्यांच्याकडेच. ऑफिसातून उशीर होतो ही सबब चंद्राला चालत नाही, हे पहिल्या तीन दिवसांत त्यांना कळेल.

अष्टमी उलटून गेली आणि उठण्याची वेळ अजून साडेआठवरच अडली असेल, तर अभ्यास वाढवू नका, झोपेवरच राहा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत दिवसाला दीड तास टेबलाशी, त्यात गणित वीस मिनिटं, एवढं जमलं तर प्राथमिक वयाच्या मुलांसाठी उत्तम चाललंय असं समजा. मागे पडलेलं भरून काढायला रविवार घालवू नका. पाठ्यपुस्तकात शंभर पानं राहिली असतील तर ती शंभर पानं राहिली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्यातली वीस सोडून दिली तरी चालणारी असतात, ती आधी शोधा.

घाई नको म्हणतेय त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला काहीतरी असतं. त्रिपुरी पौर्णिमेनंतर मात्र चंपाषष्ठी, दत्तजयंती, नाताळ अशा एकेका दिवसाच्या सणांखेरीज संक्रांतीपर्यंत मोठा खंड पडत नाही. दिवाळी लवकर आली तर दहा आठवडे, उशिरा आली तरी सहा-सात. हवा थंड, पाहुणे कमी, लग्नाची आमंत्रणं असतील तेवढीच. वर्षातला सलग अभ्यासाचा काळ हाच आहे. अवघड धडा, नवी भाषा, लांब प्रकल्प, जे काही पुढे ढकलत आलात ते या आठवड्यांसाठी राखून ठेवा आणि चार्टपेपर आणायचाच असेल तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आणा.